रामजी सुभेदार आठवतात, मीराआत्या का आठवत नाहीत?

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी जनसागर लोटतो. कळव्यातूनही आदल्या रात्री गाड्या निघतात. निळे झेंडे, समता सैनिक दलाचे गणवेशातील सैनिक आणि छातीवर पदके लावून ताठ मानेने चालणारे महार रेजिमेंटचे निवृत्त जवान पाहिले की आंबेडकरी माणसाचा ऊर भरून येतो. यायलाच हवा. परंतु त्या रांगेत जे नसतात त्यांच्याविषयी आम्हाला आज लिहायचे आहे. अर्धांगवायूने, मोडलेल्या खुब्याने, स्मृतिभ्रंशाने जे अंथरुणाला खिळले आहेत ते माजी सैनिक, आणि त्यांच्या उशाशी असलेली त्यांची बायको, सून किंवा मुलगी. ती कोरेगावला जात नाही. ती गेली तर त्याला पाणी कोण पाजणार आणि त्याची चादर कोण बदलणार?

आपल्या चळवळीची पहिली घरे ही फौजी पेन्शनरांची घरे होती. 'विटाळ विध्वंसन' लिहून १८८८ साली अस्पृश्यतेवर घाव घालणारे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. महारांची सैन्यभरती बंद केल्यावर १८९४ च्या सुमारास तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला तो त्यांनीच. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी थेट ब्रिटिश सरकारपुढे मांडली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ महार पल्टण उभी केली गेली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडून टाकली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय! पुढे १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. भरतीचा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. हा सगळा इतिहास आपल्या मुलांना पाठ असतो आणि व्याख्यानांत तो दरवर्षी सांगितला जातो.

पण ज्या घरात पेन्शनर राहतो ते घर चालवते कोण, हा प्रश्न व्याख्यानात येत नाही. रामजी सुभेदार निवृत्त होऊन महूहून दापोलीला आले, तिथून साताऱ्याला गेले. साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले तेव्हा भीमराव अगदी लहान होते. त्यानंतर त्या पेन्शनराच्या घरची चूल आणि त्याची लेकरे सांभाळली ती रामजींची बहीण मीराबाई यांनी. त्या पाठीने वाकलेल्या होत्या, शरीराने दुबळ्या होत्या. सुभेदार नोकरीसाठी बाहेरगावी असत तेव्हा घरात पोरांपाशी मोठे माणूस म्हणून याच आत्या असत. बाबासाहेबांच्या प्रत्येक चरित्रात त्यांना चार-दोन ओळी मिळतात, त्यापुढे चरित्रकारही जात नाहीत आणि आपणही जात नाही. ज्यांच्या हातचे खाऊन भीमराव वाढले त्या मीराआत्यांची एखादी तसबीर, एखादा स्मृतिदिन, एखाद्या विहाराला दिलेले नाव आमच्या तरी पाहण्यात नाही.

आणि माईसाहेबांचे काय? १९४८ साली लग्न झाल्यापासून १९५६ च्या ६ डिसेंबरपर्यंत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने पोखरलेल्या बाबासाहेबांची औषधे, पथ्य, इंजेक्शने हे सारे त्या डॉक्टर बाईंनी पाहिले. त्याचे बक्षीस म्हणून त्यांच्या वाट्याला संशय आला. चौकशी झाली, काही निघाले नाही, तरी कुजबुज कित्येक दशके चालू राहिली. हा विषय काढलेला काही जणांना आवडणार नाही. परंतु शुश्रूषा करणाऱ्या बाईला आपला समाज एक तर पाहतच नाही, नाही तर तिच्याकडे संशयाने पाहतो, याचे याहून मोठे उदाहरण आमच्यापाशी नाही.

आता कळव्याकडे येऊ. ठाण्याची खाडी एका बाजूला, पारसिकचा डोंगर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये रेल्वे, असा हा गाव. मुकंद, मफतलाल, सीमेन्स अशा कारखान्यांच्या आधाराने इथे कामगार आला. जागा मिळेना तसा तो डोंगरावर चढत गेला. भास्करनगर, वाघोबानगर, पौंडपाडा, आतकोनेश्वरनगर या वस्त्या अशाच उतारावर उभ्या राहिल्या. त्यांत आपल्या समाजाची मोठी वस्ती आहे आणि अशा वस्त्यांत फौजेतून आलेली माणसेही आहेत. सातारा, सांगली, कोकण, मराठवाडा, विदर्भ इथल्या गावांतून भरती झालेला शिपाई पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर येतो आणि मुंबई-ठाण्यात दुसरी नोकरी शोधतो. ती बहुधा सिक्युरिटी गार्डची असते. म्हणजे देशाच्या सीमेवर पहारा, मग कुणाच्या तरी गेटवर पहारा.

अशाच एका वस्तीतले घर आम्ही जवळून पाहतो आहोत. बाबा नायक या हुद्द्यावरून निवृत्त झाले, वस्ती त्यांना 'मेजर' म्हणते. सतरा वर्षे पल्टणीत आणि पुढे वीस-बावीस वर्षे वॉचमनकी. सत्तरीच्या आत-बाहेर असताना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. याला आता सहा वर्षे झाली. आईंचे वय चौसष्ट, त्यांना स्वतःला साखर आहे. सून पहाटे ठाण्याला चार घरची कामे करायला जाते, मुलगा कंत्राटी कामावर. दिवसभर बाबांना सांभाळतात त्या आईच. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात आणि त्या एकदा झाल्या की भरता भरत नाहीत. आई रात्री मोबाइलवर गजर लावून उठतात. साठ-पासष्ट किलोचा देह एकटीने वळवायचा. लघवीची नळी, पिशवी, भरवणे, दात घासणे, अंग पुसणे. बाबा कधी चिडून डावा हात उगारतात. वाचा गेलेल्या माणसाला राग दाखवायला दुसरे काही उरत नाही, हे आईंना कळते. पण मार तो मारच. "ह्यांना सोडून कुठं जाऊ?" असे त्या म्हणतात, तेव्हा ती तक्रार नसते. त्यांना खरोखरच कुठे जाता येत नाही. बहिणीच्या मयताला त्या गावी जाऊ शकल्या नाहीत.

रिक्षा पायथ्याशी थांबते, वर पायऱ्या आहेत. दवाखान्यात न्यायचे तर बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार पोरे उचलून उतरवतात. खाली महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ठाण्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतचा गोरगरीब तिथेच येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत १८ रुग्ण दगावल्याच्या बातमीने हे रुग्णालय महाराष्ट्रभर गाजले. तिथल्या गर्दीत अर्धांगवायूच्या जुन्या रुग्णासाठी खाट मागायची कोणी? लष्कराचे मोठे इस्पितळ म्हणजे नौदलाचे 'अश्विनी', ते कुलाब्याला. कळव्याला जलद गाडी थांबत नाही. अंथरुणातला माणूस, त्याला धरणारी मधुमेही बाई आणि लोकलची गर्दी हा हिशोब ज्याला जुळवता येईल त्याने जुळवावा.

पावसाळा आला की आणखी एक धास्ती असते. १९ जुलै २०२१ रोजी कळव्यातील घोलाईनगरात दरड कोसळून एकाच घरातील पाच जण गेले. तेव्हापासून दर जूनमध्ये नोटिसा लागल्या की डोंगरावरची माणसे आभाळाकडे पाहत बसतात. घर खाली करा, सुरक्षित जागी जा, असे भोंग्यावरून सांगणे सोपे आहे. हाताशी पोर धरून बाई निघू शकते. ज्याला चौघांनी उचलावे लागते त्याचे रात्री दोन वाजता काय करायचे, हे त्या नोटिशीत लिहिलेले नसते.

सरकार काहीच देत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना आहे, तिच्यात पेन्शनर आणि त्याची पत्नी यांना उपचार मिळतात. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. अपंग जवानांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरी संस्थाही खडकीलाच आहे, तिची स्थापना १९१७ ची, म्हणजे आपल्या १११ महार पल्टणीच्याच वर्षाची. पेन्शन न मिळालेला, ६५ वर्षांवरील, हवालदार किंवा त्याखालील हुद्द्याचा माजी सैनिक अथवा त्याची विधवा यांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून मासिक मदत मिळते. ती ४,००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो आणि ठाणे जिल्ह्याला असे कार्यालय आहे. किती घरांना हे ठाऊक आहे? ज्याला पेन्शनच नाही तो आपण सरकारदरबारी कुणीच नाही असे समजून गप्प बसतो.

परंतु सांभाळणाऱ्या माणसासाठी म्हणून या सगळ्यात काय आहे? एकच गोष्ट आहे, तिचे नाव कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे सतत सोबत लागणाऱ्या मदतनिसासाठी भत्ता. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, तो महिना ४,५०० वरून ६,७५० रुपये झाला. दिवसाला २२५ रुपये. बारा तासांच्या आयाबाईचा रोजही त्यात निघत नाही. आणि हा तरी कोणाला? ज्याचे अपंगत्व शंभर टक्के आहे, ते लष्करी सेवेमुळेच आले किंवा वाढले आहे असे ठरले आहे आणि मेडिकल बोर्डाने तशी शिफारस केली आहे, फक्त त्याला. आमच्या मेजरबाबांना लकवा निवृत्तीनंतर तीस वर्षांनी मारला. त्यांच्या खात्यावर शून्य. सियाचीनला पाय गमावलेल्या जवानाची बायको आणि म्हातारपणी लुळ्या पडलेल्या जवानाची बायको रात्री उठतात त्या सारख्याच वेळा. सरकारच्या लेखी पहिलीच्या नवऱ्याचे दुखणे देशाचे आहे आणि दुसरीच्या नवऱ्याचे तिचे स्वतःचे. हा भत्तासुद्धा पैसा म्हणून त्याच्या पेन्शनीत जमा होतो. जिच्या हाडांची काडे झाली तिचे नाव त्या कागदावर कुठेच नसते.

"सेवेमुळे" या एका शब्दावर किती घरे वर्षानुवर्षे लटकली आहेत! २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी तब्येतीच्या नोंदीत आजार नसेल आणि पुढे नोकरीत तो जडला असेल, तर तो सेवेमुळे जडला असे धरून चालावे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. त्याच वर्षी वीरपाल सिंग यांच्या खटल्यात मानसिक आजार झाला म्हणून घरी पाठवलेल्या जवानाची फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. शरीराची जखम दिसते तरी, मनाची दिसतही नाही. असा जवान घरी येतो, रात्री दचकून उठतो, बायकोवर संशय घेतो, पोरांना मारतो. वस्ती म्हणते दारू डोक्यात गेली. ठाण्यात १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे, पण तिथे न्यायचे तर "लोक काय म्हणतील" हा मोठा डोंगर आधी उतरावा लागतो, पारसिकचा त्यानंतर. अशा घरांनी २००९ पासून सुरू झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जावे. त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. आपल्या समाजात आज वकिलांची वाण नाही. त्यांच्यापैकी चार जणांनी हा कायदा हाताशी घ्यावा.

इथे कोणी म्हणेल, नवऱ्याची सेवा बायको करते यात सरकारचा काय संबंध? नेमका हाच प्रश्न १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावेळी विचारला गेला होता. बाळंतपण ही ज्या त्या घरची बाब, असे म्हणणारे तेव्हाही होते. बाबासाहेबांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनेच उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. घराच्या चार भिंतींआड बाईने केलेले काम हे राष्ट्राचे काम असू शकते आणि त्याची किंमत राष्ट्राने मोजली पाहिजे, हा विचार आपल्या बापाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडला. बाळंतिणीला जो न्याय तोच आजाऱ्याची शुश्रूषा करणारीला. आणि इथे तर आजारी माणूस राष्ट्राचा सैनिक आहे.

इंग्लंडने १९७६ साली आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला, पण लग्न झालेल्या बायकांना त्यातून वगळले. कारण काय, तर त्या तशाही घरीच असणार! आईची शुश्रूषा करणारी एक विवाहित बाई युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ साली ती अट रद्द करावी लागली. मनू केवळ भारतातच जन्मतो असे नाही. अमेरिकेने २०१० साली कायदा करून युद्धात गंभीर जखमी झालेल्या सैनिकाला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला मासिक मानधन, प्रशिक्षण आणि मध्ये मध्ये सुटी मिळण्याची सोय केली. पुढे जुन्या युद्धांतील सैनिकांच्या घरांनाही ती लागू झाली. सुटी म्हणजे काय, तर काही दिवस दुसरे कोणी तरी येऊन त्या रुग्णाला पाहते आणि बाई झोप काढते. कळव्याच्या आईंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "झोपायला पण सुटी असते?"

अमेरिकेची बरोबरी आपल्याला कशी जमणार, म्हणून कोणी हात झटकू नयेत. आपल्याच देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. पैसे घेऊन किंवा न घेता सांभाळ करणारे घरचे माणूसही तीत येते. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची योजना करण्यास सरकारांना सांगितले आहे. केरळने तर त्याआधीच 'आश्वासकिरणम्' या नावाने अंथरुणावरच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांना दरमहा मदत द्यायला सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी, ती थकल्याच्या तक्रारीही होतात. पण त्या कागदावर सांभाळणारीचे नाव आहे! फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राला हे का जमू नये? अपंगत्व सेवेमुळे आले की म्हातारपणाने, हा भेद न करता अंथरुणावरच्या प्रत्येक माजी सैनिकाला सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यात भत्ता जमा करा, ही मागणी आपल्या पक्षांच्या, सर्व गटांच्या, जाहीरनाम्यात आली पाहिजे. गट किती आहेत ते आम्ही मोजत बसत नाही.

ही मागणी जुन्या पेन्शनरांपुरती नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम होणार आणि बाकीचे घरी जाणार. घरी जाणाऱ्याला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. सेवेत शंभर टक्के अपंगत्व आले तर ४४ लाखांची एकरकमी भरपाई आहे. रक्कम मोठी वाटते. पण बाविसाव्या वर्षी कंबरेखाली लुळा पडलेला मुलगा पुढची चाळीस वर्षे कोणाच्या हातात असणार? त्याच्या आईच्या. ती साठीची होईल, सत्तरीची होईल, मग? पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांत आपली पोरे किती असतात हे वेगळे सांगायला नको. निमलष्करी दलांत गेलेल्यांना तर माजी सैनिकाचा दर्जा कधीच नव्हता.

सरकारशी भांडायचे आहेच. पण तोवर विहाराने काय करायचे? विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आनंदासह तिथे गेले, स्वतः पाणी ओतून त्याला धुतले, दोघांनी डोक्याकडून आणि पायाकडून उचलून त्याला मंचकावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. त्याच जागी शुश्रूषा करणाऱ्याने कसे असावे आणि आजाऱ्यानेही कसे असावे, हे दोन्ही सांगितले आहे. औषध न घेणारा, आपल्या दुखण्याची खरी हकिगत शुश्रूषा करणाऱ्याला न सांगणारा आजारी सांभाळायला कठीण, असे तिथे म्हटले आहे. आपले फौजीबाबा नेमके तसेच! पल्टणीत दुखणे लपवायची सवय लागलेली असते. "काही नाही होत मला" म्हणत पायाची जखम मोज्यात दडवतात आणि पाय काळा पडल्यावर घर हादरते.

दर रविवारी वंदना होते, त्यानंतर तासभर विहार उघडे राहू द्या. फौजी घरातल्या बायकांनी आपली पत्र्याची पेटी घेऊन यावे. पेटीत डिस्चार्ज बुक असते, पेन्शनचा पीपीओ असतो. जुन्या पीपीओवर पुष्कळदा पत्नीचे नावच नसते. असले तरी डिस्चार्ज बुकात सखुबाई, आधार कार्डावर शकुंतला आणि बँकेत आणखी तिसरेच. आपल्याकडे लग्नात नाव बदलते, जन्मतारीख तर मास्तरांनी घातलेली. नवरा जिवंत असेपर्यंत हे खपून जाते. तो गेला की फॅमिली पेन्शनसाठी तीच बाई, जिने दहा वर्षे त्याचे सगळे केले, 'मी त्याची बायको आहे' हे सिद्ध करत फिरते. नावाची दुरुस्ती त्याच्या हयातीत, त्याच्या अंगठ्याने, रेकॉर्ड ऑफिसमार्फत करून घ्यायची असते. महार रेजिमेंटचे सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे. तिकडे पत्र कसे लिहायचे हे आपल्यातल्याच एखाद्या निवृत्त सुभेदाराला किंवा पल्टणीत कारकुनी केलेल्या हवालदाराला डोळे झाकून येते. त्याला भाषणापेक्षा या कामाला बसवा.

हयातीच्या दाखल्याचेही तसेच. संरक्षण पेन्शनी आता 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेतून येतात. मे २०२२ मध्ये वार्षिक ओळख न पटवल्यामुळे ५८ हजारांहून अधिक पेन्शनरांची पेन्शन अडकली होती, मग मुदत वाढवावी लागली. नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो. म्हणजे लुळ्या माणसाला खुर्चीत घालून डोंगर उतरवण्याची गरज नाही. कॉलेजातले पोरगे फोन घेऊन त्याच्या खाटेपाशी गेले की काम होते. पण हे त्या आईंना सांगणार कोण? मागच्या खेपेपर्यंत त्यांच्या घरी खुर्चीच उचलली जात होती.

आपल्या समाजातील कितीतरी भगिनी परिचारिका आहेत, वॉर्डात आया म्हणून राबल्या आहेत, कितीतरी बांधव वॉर्डबॉय होते. रुग्णाला न उठवता त्याच्या खालची चादर कशी काढायची, कूस वळवताना स्वतःची कंबर कशी वाचवायची, नळी कधी बदलायची, जखम कशी होऊ द्यायची नाही, हे त्यांच्या हातात आहे. हे ज्ञान विहारात एका दुपारी शिकवता येते. केरळात मलप्पुरमच्या बाजूला गल्लीतल्या साध्या लोकांनी असे शिकून घरोघर अंथरुणावरच्या रुग्णांना भेटी द्यायला सुरुवात केली. त्यातून एवढे उभे राहिले की २००८ साली तिथल्या सरकारला त्याचे धोरण करावे लागले. तिथे जमले ते कळव्यात का जमणार नाही? महिला मंडळाच्या दोन-दोन भगिनींनी आठवड्यातून एकदा तीन तास एका घरी बसावे, म्हणजे त्या घरची बाई स्वतःच्या औषधाला जाईल, झोपेल, नाही तर नुसती स्टेशनपर्यंत चालून येईल. वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी या वस्तू माणूस गेल्यावर माळ्यावर पडतात. त्या विहारात जमा करा आणि पुढच्या घराला द्या. अंथरुणावर कोण कोण आहे याची यादी मे महिन्यातच वॉर्ड ऑफिसला लेखी देऊन पोच घ्या, म्हणजे रात्री डोंगर रिकामा करायची वेळ आली तर कोणत्या घरी स्ट्रेचर न्यायचे हे आधी ठरलेले असेल. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. जयंतीच्या डीजेच्या एका दिवसाच्या खर्चात चार हवेच्या गाद्या येतात. आम्ही डीजे बंद करा म्हणत नाही, तो वाद वेगळा.

एक गोष्ट लगेच करता येईल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर महाराष्ट्रभरातून लाखो लोक येतात आणि दुसऱ्याच दिवशी, ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून त्या दिवशी सैनिकांसाठी निधी गोळा होतो. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, मोफत आरोग्य तपासणी असते, अन्नदान असते. त्या रांगेत ठाणे जिल्ह्यातील माजी सैनिकांनी एक टेबल मांडावे. पीपीओवर बायकोचे नाव तपासून देणारा एक जाणकार, जिल्हा सैनिक कार्यालयाचे अर्ज, न्यायाधिकरणात काम केलेला एक वकील, चेहऱ्यावरून हयातीचा दाखला कसा काढायचा ते दाखवणारे दोन तरुण आणि बसायला चार खुर्च्या. कळव्याच्या आईंच्या घरी त्या दिवशी बाबांपाशी कोण थांबणार, हे आधी ठरवावे लागेल. दोन भगिनींनी नाव दिले आहे.